वरची आच : ओव्हन घेण्याआधी

चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, इंडक्शन. आपल्या स्वयंपाकघरातली ही सगळी साधनं एका बाबतीत सारखी आहेत, आच खालून लागते. भाकरी, थालीपीठ, आमटी, उसळ, सगळं त्यावर भागतं. म्हणूनच मराठी घराचं ओव्हनवाचून पिढ्यान्‌पिढ्या काही अडलं नाही. जिथे अडलं तिथे बायकांनी तोड काढली. कोकणात तवसं, म्हणजे काकडी, किसून रवा-गुळात मिसळायचं, जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद निखाऱ्यांवर ठेवायचं आणि वरच्या झाकणीत आणखी निखारे पसरायचे, की धोंडस दोन्ही बाजूंनी खरपूस होतं. अलिबाग-पेणकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला दाबून पोपटी लावतात. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजतात. तिन्ही ठिकाणी पदार्थाला आच चहूबाजूंनी मिळते. ओव्हनचं कामही एवढंच आहे.

हे पुस्तक पाककृतींचं असलं तरी प्रस्तावना मी मुद्दाम यंत्राला देते आहे. भाजण्याच्या वर्गाला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, कोणता ओव्हन घेऊ?’ निम्म्या जणींकडे तो घरात आधीच असतो आणि चुकीचा असतो. लिटर, वॅट, कंपनी, रंग हे सगळं नंतर. आधी एकच ठरवायचं: तुमच्या पदार्थाला आच कुठून हवी आहे? खालून हवी असेल तर गॅस आहेच, पैसे वाचले. वरून आणि सगळीकडून हवी असेल तर एक यंत्र लागतं, आणि नुसतं गरम करायचं असेल तर अगदी वेगळं.

गॅस आला तसे घरातले निखारे गेले आणि त्यांच्याबरोबर ही वरची आचही गेली. मग दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं आणि भट्टीवाल्याकडून नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत बरीच वर्षं चालली. काही गावांत अजून चालते. केकसाठी कुकरची शिट्टी काढून तळाशी वाळू नाहीतर मीठ घालायचं. ऐपत असलेल्या घरांत ॲल्युमिनिअमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. त्यातल्या बऱ्याच ओव्हनांना तापमान ठरवण्याची सोयच नव्हती. जास्त तापतोय वाटलं की प्लग काढायचा, थोड्या वेळाने परत लावायचा. त्यावरही त्या बायका उत्तम केक करत, कारण त्यांना केकच्या वासावरून वेळ कळायची. हे कौतुक नॉस्टॅल्जियाचं नाही. तापमानाचा खटका हाताशी असूनही आज आपण वास घ्यायचं विसरतो, एवढंच माझं म्हणणं.

आता दुकानात जाऊन ‘ओव्हन दाखवा’ म्हटलं की विक्रेता बहुधा मायक्रोवेव्हपुढे नेऊन उभं करतो. घोटाळा तिथून सुरू होतो. मायक्रोवेव्हमध्ये आच नावाची गोष्टच नसते. १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यातून १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ‘रडाररेंज’ पुरुषभर उंच होता आणि वजन ३४० किलोच्या घरात. आज ओट्यावर बसणाऱ्या डब्यातही तोच मॅग्नेट्रॉन आहे. तो २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो, त्या पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरतात आणि मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्यातून उष्णता तयार होते. डब्याच्या आतली हवा जवळजवळ गारच राहते. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकतं. आणि पावाचा तांबूस पापुद्रा, बिस्किटाचा खमंग वास ज्या क्रियेतून येतो ती जोर धरते १४० अंशांच्या पुढे. त्यामुळे साध्या मायक्रोवेव्हमधला केक फुगतो, शिजतो आणि गोराच्या गोरा राहतो. त्यात मायक्रोवेव्हचा दोष नाही, ते त्याचं कामच नाही.

त्याचं काम तो चोख करतो. शिळ्या भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं तर दीड मिनिटात भात कालचा वाटत नाही. सुरळीच्या वड्यांचं पीठ गुठळी न होता शिजतं, फक्त मधूनमधून काढून घोटावं लागतं. पापड तेलाशिवाय फुलतो. दाणे भाजता येतात, पण तिथे सांभाळावं लागतं. कढईत दाणा बाहेरून आत भाजला जातो, इथे आतूनही तापतो. साल अजून गुलाबीच दिसतेय म्हणून आणखी मिनिटभर ठेवला आणि मग फोडला, तर मधोमध काळा ठिपका आणि तोंडभर कडवटपणा. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला हलवायचं आणि एक दाणा फोडून बघायचं. किरणांची भीती मात्र सोडून द्यावी. या लहरींची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असते, दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची. त्यातून त्या बाहेर येत नाहीत, आणि दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद पडतो. दार वाकलं असेल किंवा नीट लागत नसेल तर मात्र वापरू नये. घरात दोन वेळचं जेवण वेगवेगळ्या वेळी होत असेल, आजोबांना दूध कोमट लागत असेल आणि केक बेकरीतूनच येणार असेल, तर २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह घ्यावा आणि पुढची पानं न वाचता थेट दुकान गाठावं.

भाजायचं असेल तर ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे ओटीजी. मला यात शंका नाही आणि या पुस्तकातल्या पाककृती त्यावरच बेतलेल्या आहेत. पत्र्याची पेटी, वर दोन सळ्या, खाली दोन सळ्या, तापमानाचा एक खटका, वेळेचा एक, आणि कोणत्या सळ्या पेटवायच्या ते ठरवणारा तिसरा. खरी किंमत या तिसऱ्या खटक्याची. केकला खालची आच जास्त हवी, कारण वरची सळी माथ्याला लवकर रंग देते आणि मग आतलं ओलं मिश्रण फुगताना माथा फोडून बाहेर येतं. नानकटाईला दोन्ही हव्यात. बेबिंकला फक्त वरची. गोव्यात बेबिंकचा एकेक थर पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून भाजतात, पहिला थर तांबूस झाला की त्यावर तूप आणि दुसरा. ओटीजीत वरच्या सळ्या लावून हे जसंच्या तसं होतं. फक्त निखाऱ्यांचा धूर नाही आणि शेवटच्या थरापर्यंत पुरेल एवढी चिकाटी तुमची तुम्हालाच आणायची आहे.

नानकटाई आत ठेवल्यावर काचेतून बघत बसण्यासारखी असते. १६५ अंशांवर पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही आणि नवख्या माणसाचा हात खटक्याकडे जायला लागतो. मग तुपाला पाझर फुटतो, गोळा कडेने सैलावतो, पसरतो, आणि माथ्यावर केसासारख्या भेगा पडायला लागतात. पुढे त्या रुंदावतात. माथा पांढरटच राहतो. बघायचं ते खाली, ताटलीला टेकलेल्या कडेकडे. तिथे गव्हाळ रेघ उमटली की बाहेर काढायची. बोट लावलं तर मऊ लागेल, आणि कच्ची राहिली म्हणून परत आत ढकलावीशी वाटेल. ढकलू नये. गार होताना ती खुसखुशीत होते. हे सगळं दिसायला ओव्हनमध्ये दिवा हवा. दिवा नसलेला ओटीजी स्वस्त मिळतो आणि मग दर दोन मिनिटांनी दार उघडलं जातं, दर वेळी आतली उष्णता भस्सकन बाहेर जाते. फिरणारी सळई, गरम ठेवण्याची सोय या गोष्टी नसल्या तरी चालेल. दिव्यात काटकसर नको.

आकाराबद्दल लोक एकतर घाबरतात, नाहीतर वाहवत जातात. १० लिटरच्या ओटीजीत केकचा माथा फुगला की वरच्या सळीला भिडायला आलेला असतो. ती पाव टोस्ट करायची पेटी, ओव्हन म्हणून घेऊ नये. ६० लिटरचा ओट्यावर ठेवला की ओटा संपला. चार-पाच माणसांच्या घराला २५ ते ३० लिटर पुरतात. पण लिटर हा आकडाही फसवा आहे, कारण उंच-अरुंद आणि बसका-रुंद डबा सारख्याच लिटरचे असू शकतात. दुकानात जाताना आपला नेहमीचा केकचा टिन पिशवीत घालून न्यावा आणि सरळ आत ठेवून बघावा. चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळायला जागा उरली पाहिजे. विक्रेता हसेल. हसू द्यावं. बाहेरूनही जागा लागते. ओटीजीचा पत्रा चांगलाच तापतो, म्हणून मागे आणि बाजूंना वीतभर मोकळं सोडावं आणि वर प्लास्टिकचे डबे रचू नयेत. आपल्याकडे ओटा बहुधा दोन फूट खोल असतो आणि त्यावर भिंतीतली कपाटं. जागा मोजताना फूटपट्टीबरोबर त्या कपाटांचं लॅमिनेटही लक्षात घ्यावं.

या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, सगळं एकात. लग्नात आहेर म्हणून येतो तो बहुतेक हाच. त्यात मॅग्नेट्रॉन असतोच, शिवाय एक तापणारी तार आणि गरम हवा फिरवणारा पंखा असतो. काम देतो का? देतो, पण काही अटींवर. त्याची उष्णता सहसा मागून किंवा वरून येते, तळाशी सळी नसते, त्यामुळे केकचा माथा छान आणि बूड फिकट, दमट. पंख्याची हवा पदार्थ लवकर सुकवते, म्हणून ओटीजीच्या पाककृतीतून २० अंश कमी करावे लागतात. कन्व्हेक्शनवर पत्र्याचा टिन चालतो, मायक्रोवेव्हवर नाही; खटका बदलायचा राहिला की आत ठिणग्या उडतात आणि घरभर किंचाळ्या. पाऊण तास बिस्किटं भाजत असताना दूध गरम करायचं असेल तर थांबायचं, कारण डबा एकच. तरीही मुंबईतल्या एका खोलीच्या घरात, जिथे ओट्यावर एका यंत्राचीच जागा आहे, तिथे मी हाच सुचवेन. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना साधा मायक्रोवेव्ह आणि वेगळा ओटीजी मिळून बहुतेकदा त्याच पैशात पडतात, आणि एक बिघडला तरी दुसरा चालतो. दाराच्या पट्टीवर छापलेल्या शेकडो ‘ऑटो’ पदार्थांना भुलू नये. बटण दाबून पोहे करणारं यंत्र मी पाहिलं आहे. ते पोहे खाल्लेलं माणूस मात्र पुन्हा कढईकडे वळलेलंच भेटलं.

एअर फ्रायरचं थोडक्यात. फिलिप्सने २०१० मध्ये आणलेलं हे यंत्र म्हणजे वर पंखा असलेला छोटा कन्व्हेक्शन ओव्हनच. उकडलेल्या कोथिंबीर वड्या, अळूवड्या, गोठवलेले कबाब, शिळे समोसे यांना ते झकास. भजीला नाही, कारण ओलं बेसन जाळीतून गळतं. केक होतो, पण वरची सळी इतकी जवळ असते की माथा करपून मध्य कच्चा राहायची शक्यता जास्त. भिंतीत बसवायचा ओव्हन देखणा असतो, ६० ते ७० लिटरचा, वर-खाली आच आणि पंखा सगळं असलेला. नवं घर बांधताना सुताराबरोबर आणि वायरमनबरोबर एकाच दिवशी बसून ठरवायचा, नंतर घुसवायचा नाही.

वायरमनचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच. आपल्या घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो जेमतेम १३८० वॅट पेलतो. ३० लिटरचा ओटीजी १५०० ते १६०० वॅट ओढतो, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह त्याहून जास्त. भिंतीतला ओव्हन तर तीन हजारांच्या घरात जातो. मायक्रोवेव्हच्या खोक्यावर ८०० वॅट लिहिलेलं असतं ते पदार्थाला मिळणारं, वीज तो बाराशे-तेराशे वॅटची खातो. म्हणजे १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी, अर्थिंग हवं, आणि मिक्सर, फ्रिज, ओव्हन एका एक्स्टेन्शन बोर्डावर हा प्रकार नको. जुन्या वाड्यांत आणि चाळींत आधी वायरिंग तपासून घ्यावं, मग ओव्हनचा विचार. बिलाची भीती मात्र वाटते तेवढी नसते. तापमान गाठलं की सळ्या आपोआप बंद-चालू होत राहतात, त्यामुळे तासभराच्या भाजणीला साधारण एक ते दीड युनिट जातं.

आणि दुरुस्ती. ओटीजीची सळी गेली तर तालुक्याच्या गावातला इलेक्ट्रिशियनही बदलून देतो. मायक्रोवेव्ह त्याच्याकडे देऊ नये आणि स्वतः तर मुळीच उघडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून असू शकतो. ज्या कंपनीचं सेवा केंद्र तुमच्या जिल्ह्यात नाही तिचा मायक्रोवेव्ह कितीही सवलतीत मिळाला तरी विचार करून घ्यावा. झुरळांना या यंत्रांची ऊब फार आवडते, आणि ती सर्किटवर जाऊन मेली की बोर्डच बदलावा लागतो. वॉरंटीत झुरळं बहुधा बसत नाहीत.

काही गोष्टी घरच्या ओव्हनमध्ये होणार नाहीत, ते आधीच मान्य केलेलं बरं. गोव्यातल्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत लाकडं आतच जाळतात, विटांची घुमटी उष्णता पिऊन घेते, मग निखारे ओढून काढून त्या साठवलेल्या आचेवर पोळी, उंडे, पाव भाजतात. विटांची ती दमदार आच पत्र्याच्या पेटीला येणं नाही. नेपल्सचा पिझ्झा ४३० अंशांच्या पुढे दीड मिनिटात तयार होतो. आपला खटका २३० किंवा २५० ला संपतो. वांगं ओव्हनमध्ये मऊ होतं, पण भरिताला लागणारा धूर त्यात नाही, तो गॅसवरच घ्यावा. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांचेही आता दिवस भरत आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते योग्यच झालं. कडक ब्रून पावाची चव त्याने बदलते का, यावर इराणी हॉटेलांतल्या टेबलांवर वाद चालू राहतीलच.

परदेशातल्या वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेतल्या घरात शेगडीखाली भलामोठा ओव्हन आयताच मिळतो, आणि अनेक मराठी घरांत त्यात कढया आणि पराती ठेवलेल्या असतात. थंडीत दिवा लावून इडलीचं पीठ आंबवायला तो सगळ्यांत जास्त वापरला जातो. त्या कढया एकदा बाहेर काढाव्यात एवढीच विनंती. तिकडच्या खटक्यावर फॅरनहाइट असतं: ३५० म्हणजे आपले साधारण १७५ ते १८०, ३२५ म्हणजे साधारण १६०. मोठा असल्यामुळे तो तापायला वेळ घेतो, म्हणून पाककृतीत ‘दहा मिनिटं आधी तापवा’ असेल तिथे वीस धरावीत. इंग्लंडमधल्या गॅसच्या ओव्हनवर अंशांऐवजी आकडे असतात, तिथे ४ म्हणजे १८०.

पुस्तकातली सगळी मापं ३० लिटरच्या, पंखा नसलेल्या ओटीजीसाठी आणि मधल्या जाळीसाठी आहेत. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर २० अंश कमी आणि शेवटची पाच मिनिटं लक्ष. तुमचा खटका १८० दाखवत असला तरी आत १६० किंवा २०० असू शकतात, आणि हे नव्या, महागड्या ओव्हनांतही आढळतं. आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो, जरूर घ्यावा. तो नसेल तर पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी पांढऱ्या स्लाइस ब्रेडचा एक पुडा आणावा, जाळीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत स्लाइस लावाव्यात, दोन्ही सळ्यांवर १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवाव्यात आणि काढून ओळीने मांडाव्यात. जिथली स्लाइस आधी काळवंडली ती तुमच्या ओव्हनची तापट जागा; नानकटाईची ताटली अर्ध्यावर फिरवायची ती त्यासाठी.